नळापासून राकसकोपपर्यंत : होमस्कूलिंग करणाऱ्या एका बेळगावच्या कुटुंबाचा एक दिवस

कुटुंब आणि त्यांचा प्रश्न

या प्रकरणातील कुटुंब बेळगाव शहराच्या दक्षिण भागात राहते. वडील घरी बसून संगणकाचे काम करतात. आईने महाविद्यालयातील नोकरी सोडून मुलांच्या शिक्षणाची जबाबदारी स्वतःकडे घेतली आहे. थोरली मुलगी अकरा वर्षांची आणि धाकटा मुलगा आठ वर्षांचा असून दोघेही शाळेत जात नाहीत. आजीचे गाव शहराच्या पश्चिमेला, राकसकोप जलाशयाच्या वाटेवर आहे. मुलांच्या अभ्यासाच्या नोंदी ठेवण्यास मी या कुटुंबाला मदत करते आणि ज्या शनिवारचे हे वर्णन आहे, त्या दिवशी मी सकाळपासून संध्याकाळपर्यंत त्यांच्यासोबत होते. कुटुंबाच्या इच्छेनुसार नावे आणि गाव येथे दिलेले नाही.

कायद्याची बाजू थोडक्यात सांगणे आवश्यक आहे, कारण सीमाभागात अशा कुटुंबाला पहिला प्रश्न त्याविषयीच विचारला जातो. २००९ चा शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. सहा ते चौदा वयाच्या मुलांना शाळेत दाखल करणे हे त्यात पालकांचे कर्तव्य म्हटले आहे, परंतु घरी शिकवणाऱ्या पालकांसाठी शिक्षेची तरतूद त्यात नाही. २०१२ मध्ये केंद्र सरकारने दिल्ली उच्च न्यायालयासमोर घरी शिकवणे बेकायदा नसल्याची भूमिका मांडली होती. परीक्षेसाठी राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेचा मार्ग आहे. तिच्या मूलभूत शिक्षणाच्या अ, ब आणि क या पातळ्या अनुक्रमे तिसरी, पाचवी आणि आठवीच्या बरोबरीच्या मानल्या जातात, आणि दहावीच्या बरोबरीची परीक्षा वयाच्या चौदाव्या वर्षापासून देता येते. त्या परीक्षेला मराठी माध्यम उपलब्ध आहे, ही गोष्ट या कुटुंबाच्या निर्णयात फार महत्त्वाची ठरली.

ज्या प्रश्नातून हा दिवस उभा राहिला, तो धाकट्याने दिवाळीत मावशीच्या घरी विचारला. हात धुताना त्याने नळ सवयीने सोडून ठेवला, तेव्हा मावशी म्हणाली, "बाळा, बंद कर तो. परत पाणी कधी येईल, त्याचा नेम नाही." तिच्या घरी नळाला काही दिवसांआड पाणी येते. परसात पिंपे, स्वयंपाकघरात घागरी आणि छतावर टाकी अशी साठवण असते आणि पाणी येण्याच्या दिवशी घरातील कोणीतरी एक जण बाहेर जात नाही. मुलांच्या स्वतःच्या घरी मात्र नळ दिवसरात्र चालू असतो. एकाच शहरात, एकाच महापालिकेच्या हद्दीत असे का, हा त्याचा प्रश्न होता आणि तो आईने वहीत लिहून ठेवला.

त्याचे पहिले उत्तर मोठ्यांना ठाऊक होते. जागतिक बँकेच्या कर्जातून हुबळी-धारवाड, बेळगाव आणि कलबुर्गी या शहरांच्या काही प्रभागांत चोवीस तास पाणीपुरवठ्याचा प्रयोग झाला, आणि बेळगावातील त्या विभागांना २००८ च्या सुमारास असे पाणी मिळू लागले. या कुटुंबाचे घर त्या प्रायोगिक विभागात येते आणि मावशीचे येत नाही. वडील हे लगेच सांगणार होते. आईने त्यांना थांबवले, आणि त्या दिवसाचे खरे शिक्षण या थांबण्यातून सुरू झाले असे माझे मत आहे. मुलाला योजनेचे नाव कळले असते, तर त्याचा प्रश्न तेथेच मिटला असता. पाणी कोठून येते, ते वर कसे चढते आणि कोणाच्या वाट्याला किती जाते, हे पाहायला तो घराबाहेर पडलाच नसता.

तयारी

निघण्याच्या आधीच्या आठवड्यात मुलांनी घरातील एका दिवसाचा पाण्याचा वापर मोजला. अंघोळ, भांडी, धुणे, स्वयंपाक, पिणे आणि शौचालय अशी वर्गवारी थोरलीने केली, तर बादलीवर लिटरच्या खुणा धाकट्याने केल्या. चार माणसांचा मिळून वापर सुमारे ४८० लिटर, म्हणजे माणशी १२० लिटर निघाला. त्यानंतर थोरलीने शासकीय प्रमाणे शोधली. मलनिस्सारण व्यवस्था असलेल्या शहरांसाठी माणशी दररोज १३५ लिटर हे प्रमाण धरले जाते, आणि २०१९ मध्ये जाहीर झालेल्या जलजीवन मिशनमध्ये ग्रामीण घरांसाठी ५५ लिटर. हे दोन आकडे तिने वहीच्या एकाच पानावर शेजारी शेजारी लिहिले आणि खाली काहीच लिहिले नाही. आईनेही त्याबद्दल काही विचारले नाही.

दिवसाच्या आखणीवरून आईवडिलांत थोडा मतभेद झाला. वडिलांच्या यादीत बेळगावचा किल्ला, त्यातील १२०४ मधील कमल बस्ती हे जैन मंदिर, टिळकवाडीतील काँग्रेस विहीर, हिंडलग्याचे पंपिंग केंद्र, राकसकोप जलाशय आणि शेवटी आजीचे गाव असे सर्व काही होते. किल्ला आणि बस्ती दोन्ही पाहण्यासारखी आहेत, यात शंका नाही, पण पाण्याच्या प्रश्नाशी त्यांचा संबंध ओढून आणावा लागला असता, म्हणून आईने ती वगळली. मला ते योग्य वाटले. घरी शिकवणाऱ्या पालकांना वर्गाचे वेळापत्रक नसते, त्यामुळे बाहेर पडलेल्या एका दिवसात सगळे विषय कोंबण्याचा मोह त्यांना शाळेतील सहलीच्या शिक्षकांपेक्षाही अधिक होतो, असे मी अनेक घरांत पाहिले आहे. शनिवार निवडण्यामागेही विचार होता. गावात राहणाऱ्या चुलतभावाची शाळा त्या दिवशी सकाळचीच असते, म्हणून दुपारनंतर तो सोबत असणार होता, आणि घरून शिकणाऱ्या मुलांना बरोबरीच्या मुलांची संगत जाणीवपूर्वक मिळवून द्यावी लागते.

शहरातील सकाळ

सकाळची सुरुवात टिळकवाडीतील काँग्रेस विहिरीपासून झाली. २६ आणि २७ डिसेंबर १९२४ रोजी बेळगावात काँग्रेसचे अधिवेशन भरले. महात्मा गांधी ज्याचे अध्यक्ष होते असे हे एकमेव अधिवेशन. गंगाधरराव देशपांडे हे त्याच्या स्वागताच्या तयारीतील प्रमुख होते, आणि देशभरातून येणाऱ्या माणसांना पाणी मिळावे म्हणून ही विहीर त्यासाठी खणण्यात आली. मुलांनी काठावरून खाली पाहिले, चिरेबंदी बांधकाम न्याहाळले आणि थोरलीने विचारले की इतक्या माणसांसाठी पाणी लागणार हे माहीत असताना त्यांनी नळ का आणला नाही. आईने तिला एवढेच सुचवले की त्या काळी पाणी दुरून आणण्याआधी माणसे पायाखाली शोधत. बेळगावच्या जुन्या घरांच्या परसात आजही किती विहिरी आहेत, याची आठवण मुलांनी स्वतःच काढली. शेजारच्या आज्जींच्या घरी आहे, मावशीच्या वाड्यात बुजवलेली आहे, अशी त्यांची यादी वाढत गेली.

तेथून मध्यवर्ती बसस्थानकावर येऊन आम्ही बेळगुंदीमार्गे राकसकोपकडे जाणारी बस धरली. जून २०२३ पासून कर्नाटकातील महिलांना शासकीय बसमध्ये मोफत प्रवास असल्याने आई, थोरली आणि मी शून्य रकमेचे तिकीट घेतले, वडिलांचे पूर्ण आणि धाकट्याचे अर्धे तिकीट काढले गेले. हिंडलग्याला वाकडी वाट करून जाण्याइतका वेळ नव्हता. म्हणून जलाशयाचे पाणी हिंडलग्याच्या पंपिंग केंद्रातून लक्ष्मीटेकच्या जलशुद्धीकरण केंद्रात कसे जाते, हे थोरलीने बसमध्येच नकाशावर बोट ठेवून भावाला दाखवले. शहराला पाणी देणारा दुसरा स्रोत घटप्रभेवरील हिडकल धरण हा आहे. तेथील पाणी तुम्मरगुद्दीमार्गे बसवनकोळच्या केंद्रात येते. मुलाला हे सारे अंतर ऐकून आश्चर्य वाटले, कारण पाणी शहराच्याच कोठल्यातरी मोठ्या टाकीत तयार होते अशी त्याची तोवर समजूत होती.

जलाशयाच्या काठी

राकसकोप जलाशय मार्कंडेय नदीवर आहे. पश्चिमेकडील डोंगरपट्ट्यातून येणारी ही नदी पुढे हिंडलगा, कंग्राळी, कडोलीच्या शिवारांतून पूर्वेकडे जाते आणि घटप्रभेला मिळते. घटप्रभा कृष्णेला मिळते. बेळगाव शहरात वर्षाला सुमारे १,३०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि पश्चिमेला सह्याद्रीच्या दिशेने जाऊ तसा तो झपाट्याने वाढतो. शहराच्या पाण्याची सोय पश्चिमेला का करावी लागली, याचे कारण बसच्या खिडकीतूनही दिसत होते. माळाची जागा भाताच्या खाचरांनी घेतली होती. सुगीचे दिवस असल्याने काही शेतांत कापलेल्या भाताचे भारे पडलेले होते, काही ठिकाणी मळणी चालू होती, आणि ओलीवर पुढच्या पिकाची तयारी करणारे शेतकरीही दिसत होते.

काठावरील कर्मचाऱ्याने मुलांना पातळी मोजण्याची पट्टी दाखवली. जलाशय पूर्ण भरला की पातळी २,४७५ फूट होते. त्या दिवशी ती त्याहून थोडी खाली होती. उन्हाळ्यात पाणी फार खाली गेले तर तळातील राखीव साठाही उपसावा लागतो, असे त्याने सांगितले. त्याने बोलायला कानडीत सुरुवात केली आणि मुले अडखळताच तो मराठीवर आला, परंतु थोरलीने आपले वाक्य कानडीतच पूर्ण केले. कर्नाटकातील शाळांत कानडी शिकणे २०१५ च्या कायद्याने बंधनकारक झाले आहे. या मुलांना तो नियम शाळेत जाऊन पाळायचा नसला, तरी ज्या खात्याकडून पाणी मिळते त्याच्या पाट्या, सूचना आणि माणसे कानडीच असतात, हे त्यांच्या आईने ओळखले आहे आणि शेजारच्या बाईंकडे मुलांची कानडीची शिकवणी लावली आहे. सीमाभागातील मराठी कुटुंबाने आपली भाषा जपताना ही तयारी टाळू नये, असे मला मनापासून वाटते.

थोरलीने २,४७५ फुटांचे मीटर केले. ते सुमारे ७५४ भरले. नकाशावर शहराची उंचीही जवळपास तितकीच, आणि काही वस्त्या त्याहून उंचावर असल्याचे तिला आढळले. थोडा वेळ ती गप्प राहिली. मग म्हणाली, "म्हणजे पाणी आपोआप आपल्या घरी येऊच शकत नाही. कोणीतरी सतत ढकलायला पाहिजे." वीज गेली की शहराचे पाणी का थांबते, वर्तमानपत्रात पंपाच्या दुरुस्तीमुळे पाणीपुरवठा बंद राहण्याच्या सूचना का छापून येतात, आणि चोवीस तास पाणी ठेवायचे तर नळ्यांतला दाब दिवसभर टिकवावा लागतो म्हणून ते एकदम साऱ्या शहरात का झाले नाही, या गोष्टी त्या एका आकड्यातून एकमेकींना जोडल्या गेल्या. दिवसभरातील सर्वांत मौल्यवान क्षण हाच होता असे मी म्हणेन, कारण तेथे तिला कोणीही काही सांगितले नव्हते.

जलाशयाच्या वरच्या अंगाला काही अंतरावर महाराष्ट्राची हद्द लागते आणि चंदगड तालुक्यातील तुडये हे गाव येते. पाणलोटाचा काही भाग महाराष्ट्रात आणि धरण कर्नाटकात, ही स्थिती मुलांना समजावून सांगण्यासाठी राज्य पुनर्रचनेच्या १ नोव्हेंबर १९५६ या तारखेपर्यंत जावे लागले. वडिलांनी ते पाच मिनिटांत आटोपते घेतले आणि त्याविषयी कोणतीही कटुता मुलांच्या कानावर घातली नाही. सीमाप्रश्न हा या भागातील घराघरांत बोलला जाणारा विषय आहे आणि तो मुलांपासून लपवता येणार नाही, पण पाण्याच्या प्रश्नावर त्याचे ओझे टाकण्याची त्या दिवशी गरज नव्हती.

आजीच्या घरी

दुपारी आम्ही आजीच्या गावी पोहोचलो. जेवण झाल्यावर आजीने जे विचारले, ते अशा प्रत्येक कुटुंबाला ऐकावे लागते. "पोरं हुशार हाईत, ते दिसतंय गं. पर उद्या दाखला कोण देणार यांना?" आईने मुक्त विद्यालयाची व्यवस्था शांतपणे सांगितली. आजीचे समाधान झाले नाही आणि आईनेही ते करण्याचा हट्ट धरला नाही. आजीची ही काळजी रास्त आहे. या भागात जातीच्या दाखल्यापासून नोकरीच्या अर्जापर्यंत शाळा सोडल्याचा दाखला अनेक ठिकाणी मागितला जातो, आणि घरी शिकवण्याचा निर्णय घेणाऱ्या पालकांनी या कागदांची सोय आधीपासून करून ठेवली पाहिजे.

आजीच्या अंगणात जलजीवन योजनेचा नळ आला आहे, तरी परसातील विहीर वापरात आहे. थोरलीने वही उघडली आणि ५५ लिटरचा हिशेब मांडला. घरात आजी, काका, काकू आणि चुलतभाऊ अशी चार माणसे, म्हणजे दिवसाला २२० लिटर. शहराच्या १३५ लिटरच्या प्रमाणाने तेथील चार माणसांना ५४० लिटर. शाळेतून नुकताच आलेला चुलतभाऊ हे ऐकत उभा होता. तो म्हणाला, "आनि म्हशी?" गोठ्यात दोन दुभत्या म्हशी होत्या आणि त्यांना पाणी दाखवण्याचे काम त्याचेच होते. एक म्हैस दिवसाला पंधरा लिटरच्या साडेतीन-चार बादल्या पिते, असे त्याने सांगितले. थोरलीने गुणाकार केला. दोन म्हशींचे मिळून शंभर लिटरच्या वर गेले, आणि धुण्याचे पाणी वेगळेच. माणसांसाठी धरलेल्या ५५ लिटरांत जनावरांचा हिशेब नाही, हे तिने पुस्तकातून वाचले नव्हते. रोज बादल्या उचलणाऱ्या मुलाने ते तिला दाखवून दिले. गावात घरून शिकणारी मुले पाहुणी म्हणून जातात आणि शेत, गोठा, विहीर यांची चित्रे काढून परततात, असे पुष्कळदा घडते. येथे गावातील मुलाचे ज्ञान तिच्या हिशेबात घुसले आणि तो हिशेब बदलला. सहलीला गावाकडे का न्यावे, याचे याहून चांगले कारण माझ्याजवळ नाही.

आजीने पावसाळ्यात गढूळ पाण्यात तुरटीचा खडा कसा फिरवतात ते धाकट्याला करून दाखवले. शुद्धीकरण केंद्रातही पहिल्या टप्प्यावर तुरटीच वापरतात, गाळाचे बारीक कण एकत्र येऊन तळाला बसतात, मग पाणी वाळूच्या थरांतून गाळतात आणि शेवटी क्लोरीन मिसळतात, हे वडिलांनी त्याला तेथे सांगितले. तो काचेच्या भांड्यासमोर गाळ खाली बसेपर्यंत हलला नाही.

संध्याकाळी गल्लीतील एक वयोवृद्ध आजोबा कट्ट्यावर येऊन बसले. मुले जलाशय पाहून आली आहेत हे कळताच ते म्हणाले, "आमच्या आज्याचं रान हुतं तिकडं. रान पाण्यात गेलं, आनि पाणी बेळगावात गेलं." त्यांच्या आवाजात राग नव्हता. थोरलीने विचारले, "मग आजोबा, त्यातलं थोडं पाणी तुमच्याकडे का येत नाही?" त्यांनी उत्तर दिले, "नळी बांधावरनंच जाती की बाळ. तोंड तेवढं हिकडं न्हाई तिचं." वडील काही सांगू लागले होते, पण आईने त्यांच्याकडे पाहिले आणि ते थांबले. परतीच्या बसमध्ये थोरली बराच वेळ वहीच्या त्या पानावरील १३५ आणि ५५ या आकड्यांकडे पाहत होती.

दिवसानंतरच्या नोंदी

पुढील काही दिवसांत थोरलीने आपल्या घराच्या छताचा हिशेब केला. १०० चौरस मीटर छतावर १,३०० मिलिमीटर पाऊस पडला तर १,३०,००० लिटर पाणी मिळते. त्यातील वीस टक्के वाया जाते असे धरले तरी १,०४,००० लिटर उरते. चार माणसांना १३५ लिटरप्रमाणे वर्षाला १,९७,१०० लिटर लागते. म्हणजे निम्म्याहून थोडी अधिक गरज छतावरूनच भागू शकते, परंतु यातला बहुतेक पाऊस चार महिन्यांत येतो आणि तो साठवायचा कोठे, हा प्रश्न तिने पुढे लिहून ठेवला आहे. गणित, भूगोल, नागरिकशास्त्र आणि विज्ञान अशी वर्गवारी आईने नोंदवहीत केली, कारण मुक्त विद्यालयाच्या अभ्यासक्रमाशी ती जुळवावी लागते. मुलांनी स्वतः तशी वर्गवारी केली नाही.

हा दिवस जसाच्या तसा कोणत्याही घराला जमेल असे मी म्हणणार नाही. आईने नोकरी सोडणे, वडिलांचे काम घरून चालणे आणि गावात अजून नांदते घर असणे, या तीन गोष्टी एकत्र असल्याने तो शक्य झाला. मावशी स्वतः कामावर जाते, तिची मुले महापालिका हद्दीतील मराठी शाळेत शिकतात आणि पाणी येण्याच्या दिवशी घरी थांबायचे कोणी हा त्या घराचा रोजचा पेच आहे. तिच्या मुलांना या प्रश्नाचे उत्तर अधिक हवे आहे. एखाद्या शिक्षकाने वर्गाला काँग्रेस विहिरीवर नेऊन, घराघरांतील नळाच्या वेळा फळ्यावर मांडून हेच काम सुरू केले, तर शाळेतही ते उत्तम होईल.

धाकट्याचा मूळ प्रश्न त्याच्या मते अर्धाच सुटला आहे. पाणी कोठून येते ते त्याने पाहिले. आता वापरलेले पाणी कोठे जाते, हे त्याला पाहायचे आहे. शहराचे सांडपाणी वाहून नेणारा बळ्ळारी नाला शहापूर आणि वडगावच्या भातशेतीतून जातो आणि पावसाळ्यात तेथील पिके पाण्याखाली जातात. त्या शिवारातील शेतकऱ्यांशी बोलण्याची परवानगी आईने मागितली आहे, आणि संक्रांतीनंतरच्या त्या दिवशी मावशीची मुलेही सोबत येणार आहेत.